चांदूरकरबाईंची उंच जीप

अल्लीपूरच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून रुजू व्हायला गेले, तेव्हा डॉक्टर वेणूबाई चांदूरकरांनी माझं नेमणुकीचं पत्र वाचलं, खिडकीच्या उजेडाकडे धरून पाहिलं आणि विचारलं, "हे पत्र ज्यांच्या नावाचं आहे त्या तुम्हीच कशावरून?"

मी आर्वीची. वडील शाळामास्तर. असा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी माझं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, नाव कुणालाही सांगता येतं. मग त्यांनी आपला डावा हात पुढे केला आणि कोपराला पट्टी बांधायला सांगितली. मी बांधली. बाईंनी तो हात बराच वेळ झटकला, वाकवला, टेबलावर घासला. पट्टी सुटली नाही. "बरं," एवढंच म्हणून त्यांनी मला कपाटाच्या किल्ल्या दाखवल्या. दिल्या नाहीत.

उंच, काटकुळ्या, पांढऱ्या खादीच्या लुगड्यातल्या, मनगटावर पुरुषी घड्याळ बांधणाऱ्या या बाई तेव्हा पन्नाशीला टेकल्या असतील. दवाखाना वर्ध्याच्या एका संस्थेचा होता आणि बाई तिथं एकट्या राहत. पाणी त्यांच्या डोळ्यांसमोर उकळायचं. गोळी घेतली म्हणून पेशंटनं सांगितलं की तोंड उघडून जीभ वर करायला लावायच्या. ताप पाहायला दोन थर्मामीटर, कारण एकाचा काय भरवसा. सून म्हणाली चार दिवसांपासून पोट दुखतं, की बाई सुनेला बाहेर बसवून सासूला विचारत, सासूला बाहेर बसवून घरातल्या पोराला विचारत, आणि तिघांचं जुळलं नाही की पहिल्यापासून सुरू करत. "कोण म्हणतं?" आणि "तुम्ही पाहिलंत का?" हे त्यांचे दोन ठरलेले प्रश्न. गावानं त्यांचं नाव सीआयडीबाई ठेवलं होतं.

गावही बाईंवर तेवढाच संशय ठेवून होतं. एवढी शिकलेली बाई अल्लीपुरात काय करून राह्यली, लग्न काऊन केलं नाई, वर्ध्याले काही भानगड झाली असंन. मीही सुरुवातीला कान लावून बसायची. पण बाईंना विचारायची सोय नव्हती.

दवाखान्याला संस्थेनं एक जीप दिली होती. लढाई संपल्यावर लष्करानं विकून टाकलेल्या गाड्यांपैकी. तिचा ड्रायव्हर महादेव सोनेगावचा. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गाडी चालवून परत आलेला, चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. आमच्या भागातली काळी माती तुम्ही पाहिली असेल तर पुढचं लगेच समजेल. पावसाळ्यात बैलबंड्यांच्या चाकांची लोखंडी धाव त्या मातीत खोल रुतते, आणि पावसाळा सरला की त्या चाकोऱ्या दगडासारख्या वाळतात. दोन चाकोऱ्यांच्या मधे मातीचा उंच वरंबा राहतो. बैलाला त्याचं काही नाही, तो वरंब्यावरून चालतो. जीपची चाकं मात्र चाकोरीत उतरतात आणि पोट वरंब्यावर टेकतं.

टाकळीला हेच झालं. दिवाळीनंतर तिथून एक बाई अडल्याचा निरोप आला. आम्ही निघालो, आणि निम्म्या वाटेत जीप वरंब्यावर बसली. चाकं जागच्या जागी फिरत राहिली. महादेवनं खाली शिरून कुदळीनं माती काढली, गाडी थोडी सरकली आणि पुन्हा बसली. शेवटी शेतातून बैलजोडी आणून ओढावी लागली. आम्ही टाकळीत पोचलो तेव्हा त्या बाईचं अंग अजून गरम होतं, पण ती गेली होती. पोटातलं मूलही. तिची आई आमच्याकडे न पाहता भिंतीकडे तोंड करून बसली होती.

दवाखान्यात आल्यावर त्यांनी महादेवला समोर उभं केलं. गाडी वरंब्यावर बसली की बसवली? दुसरी वाट होती का? असली तर ती का घेतली नाही? महादेव म्हणाला, दुसरी वाट नव्हती, अन् गाडी ठेंगणी हाये, मी काय करू. बाईंचं समाधान झालं नाही. त्यांनी गाडीखाली चटई टाकायला लावली, लुगडं सावरून त्या स्वतः उताण्या गाडीखाली शिरल्या आणि कंदील आत मागवला. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या तेव्हा केसांत माती होती आणि हाताला ग्रीस. गाडीचं पोट आणि चाकं जोडणाऱ्या आसावरचा लोखंडी गोळा घासून घासून चकाकत होता, तो त्यांनी पाहिला होता.

"हा खरं बोलतोय," त्या मला म्हणाल्या. महादेव तिथंच उभा होता. मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "गाडी उंच करायची."

वर्ध्याला संस्थेला विचारायला हवं, असं मी म्हटलं. त्यांना विचारलं तर ते समिती नेमतील, असा बाईंना संशय होता. तो बहुधा खराच होता. त्यांनी विचारलं नाही.

काम अंबादास लोहाराच्या भात्यापाशी, चिंचेखाली सुरू झालं. अंबादास बंडीच्या धावा चढवण्यात पंचक्रोशीत नावाजलेला आणि त्याला त्याची पुरेपूर जाणीव. जीप म्हणजे चार चाकांची बंडीच, असं तो पहिल्या दिवशी म्हणाला. महादेवनं समजावून सांगितलं, ते असं. गाडीचा सगळा भार पोलादी पट्ट्यांच्या कमानींवर असतो, आणि या जीपच्या कमानी आसाच्या खालून बांधलेल्या आहेत. त्याच कमानी आसाच्या वरून बांधल्या तर गाडी आपोआप वर उचलली जाते. कमानी ज्या दुव्यांनी गाडीला लटकतात ते दुवे लांब केले तर आणखी थोडी. पण गोळा आसावरच असतो, तो त्यानं उचलला जात नाही. त्यासाठी मोठी चाकं हवीत, आणि गाडी उंच झाली की मोठी चाकं खाली मावतात. एवढं सांगून तो म्हणाला, की उंच गाडी कलंडते, हे बाईंनी ध्यानात ठेवावं.

"कोण म्हणतं?" बाईंनी विचारलं.

"मी म्हणतो. म्या पाह्यलं हाये तिकडं. माणसं दबलेली पाह्यली."

यावर बाईंनी मान हलवली. पाहिलेल्या गोष्टीला त्या मान देत.

अंबादासनं लांब दुवे घडवले. बाईंनी ते हातात घेऊन वाजवून पाहिले आणि चिंचेच्या जाड फांदीला एकेक दुवा टांगून त्याला सरकीची पोती लोंबकळवली. दुपारभर ती पोती तशी झाडाला टांगलेली. बाजाराला जाणारी माणसं थांबून पाहत होती, आणि अंबादास तोंड फिरवून बिडी ओढत बसला होता. माझ्या हातच्या लोखंडावर बापजन्मी कोणी शंका घेतली नाई, असं तो मला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाला. दुवे तुटले नाहीत. बाईंनी ते उतरवून घेतले, पण शाबासकी दिली नाही.

कमानी वर बसवायच्या तर आसावर कमानीला बैठक म्हणून लोखंडी खोगीर जोडणं भाग होतं, आणि ते काम भात्यावर होण्यासारखं नव्हतं. दोन्ही आस बंडीत घालून आम्ही हिंगणघाटला एका गॅसवाल्या, म्हणजे वेल्डिंगच्या मिस्त्रीकडे नेले. जाडजूड, हसरा माणूस. चहा मागवला, तो बाईंनी घेतला नाही. त्यांनी मिस्त्रीला आधी एका भंगार नळीवर एक खोगीर जोडून दाखवायला सांगितलं. त्यानं हसत जोडून दिलं. जोड दिसायला सुरेख होता. बाईंनी महादेवच्या हातात घण दिला. दुसऱ्या घावाला खोगीर निखळून पडलं, आणि आत लोखंडाला लोखंड लागलंच नव्हतं हे सगळ्यांना दिसलं. दुकानात गिऱ्हाईकं होती. मिस्त्रीचा चेहरा उतरला. "हा नमुना होता बाई, नमुन्याले कोण जीव लावते," तो म्हणाला.

"आता जीव लावा," बाई म्हणाल्या आणि स्टूल ओढून त्याच्या बाजूला बसल्या. तो जोडत होता तोवर त्या काळ्या काचेतून पाहत राहिल्या. काम पक्कं झालं. निघताना मिस्त्रीनं हसून नमस्कार केला नाही. हे मी पाहिलं, बाईंनी पाहिलं नाही.

मोठी चाकं महादेवनं नागपूरच्या लष्करी भंगारातून आणली. गाडी उभी राहिली तेव्हा ओळखू येईना. पायरीवर पाय पोचत नव्हता म्हणून सुताराकडून एक पाट करून घ्यावा लागला. पहिल्याच फेरीत ती वरंब्यांवरून सुळकन निघून गेली, पण खड्डा आला की आपसूक डावीकडे ओढू लागली. स्टिअरिंगचा दांडा तिरपा झाला होता, तो अंबादासनं तापवून वाकवला. मग बाईंनी तलावाच्या पाळीवर गाडी न्यायला लावली. उतारावर ती कितपत कलते ते त्यांना पाहायचं होतं. महादेवनं विचारलं, पाहाले गेलो अन् उलटली तं? तर कळेल, बाई म्हणाल्या. गाडीत पोती भरली, वरच्या अंगाला दोर बांधून गावची दहा-बारा माणसं तो धरून उभी राहिली, आणि महादेव पाय बाहेर काढून, उडी मारायच्या तयारीत, गाडी तिरपी चालवू लागला. एका जागी वरची दोन्ही चाकं जमिनीवरून उचलली गेली. दोर ताणला गेला, माणसं ओरडली, गाडी परत चाकांवर आली.

बाई पाळीवर बसून राहिल्या. मग अंबादासला सांगितलं, दुवे आखूड करा. ज्या दुव्यांनी झाडावर पोती पेलली होती ते कापायचे म्हटल्यावर अंबादास दिवसभर जेवला नाही, असं त्याची बायको सांगत होती. पण कापले. गाडी थोडी खाली आली, औषधांच्या पेट्या सीटवरून खाली गाडीच्या तळाशी गेल्या, आणि त्यानंतर ती कधी कलंडली नाही.

त्या हिवाळ्यात आम्ही अशा गावांना गेलो जिथं डॉक्टर पोचले नव्हते. म्हाताऱ्या पाटावरून चढून आत बसायच्या आणि अंबारीत बसल्यासारखं गावाकडे पाहायच्या.

उन्हाळ्यात हिंगणघाटच्या वाटेवर आमची गाडी अडवली. जिल्ह्यात दारूबंदी होती, मोहाचे दिवस होते, आणि दारूबंदीच्या जमादाराला खबर होती की दवाखान्याची जीप उगाच उंच केलेली नाही, तिच्या पोटाशी मोहाची दारू जाते. त्यानं आम्हाला उन्हात उभं करून सगळी गाडी तपासली. पेट्या उघडल्या, बाटल्या हुंगल्या, गाडीखाली शिरला. मला अपमानानं रडू येत होतं. बाई शांतपणे पाहत होत्या. त्याला काही सापडलं नाही. तो कपडे झटकत उठला तेव्हा बाई म्हणाल्या, "मागच्या सीटखालचं राहिलं." त्यानं तेही पाहिलं. दवाखान्यात परतल्यावर त्या मला म्हणाल्या, की इतक्या वर्षांत नीट काम करणारा हा पहिला सरकारी माणूस भेटला.

पण तिथून बाईंच्या डोक्यात किडा शिरला. माणूस उगाच का अडवेल? खबर आली म्हणजे काहीतरी असणार. गाडी रात्री महादेवच्या ताब्यात असते. त्यांनी त्याला बोलावून विचारलं. तो नाही म्हणाला. संध्याकाळी वेगळ्या तऱ्हेनं विचारलं. तो नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी पेशंटांसमोर, बोलता बोलता सहज आठवल्यासारखं, पुन्हा विचारलं. महादेवनं डोक्याची टोपी नीट केली आणि तो दवाखान्याच्या पायऱ्या उतरून सोनेगावच्या वाटेला लागला. मागे पाहिलं नाही. बाई म्हणाल्या, खरं बोलत असता तर थांबला असता. मी म्हटलं, खरं बोलत होता म्हणूनच गेला असेल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीही या प्रकरणात असावे.

दुसरा ड्रायव्हर त्यांनी ठेवला नाही. बाजाराच्या मोकळ्या मैदानात त्या स्वतः गाडी शिकल्या. सगळा गाव पाहायला बसायचा. त्या उंच गाडीत ताठ बसलेल्या, दात आवळलेल्या, कुत्रं आडवं आलं तरी आधी थांबून त्याचा इरादा तपासणाऱ्या. यंत्र त्यांना आतून ठाऊक होतं, त्यामुळे शिकायला वेळ लागला नाही.

पावसाळ्याच्या तोंडी तोच जमादार खोकल्याचं औषध घ्यायला आला. बाईंनी त्याला थेट विचारलं, खबर कुणाची होती. त्यानं आधी टाळलं, मग सांगून टाकलं. हिंगणघाटचा गॅसवाला मिस्त्री. चहाच्या दुकानात बसून सांगायचा, की बाईनं गाडी कायले उंच केली ते मले माहीत हाये. बाईंनी औषधाची बाटली भरली, बूच लावलं, ते घट्ट बसलंय का ते पाहिलं आणि जमादाराला दिली. त्या दिवशी त्यांनी जेवण केलं नाही. मला वाटलं, त्या सोनेगावला निरोप धाडतील. त्यांनी धाडला नाही.

निरोप सोनेगावहूनच आला. श्रावणात, पाऊस उघडला होता पण नाले उतरले नव्हते. महादेवच्या भावजयीला कळा लागून दुसरा दिवस होता. बाईंनी निरोप आणणाऱ्याला पुष्कळ प्रश्न विचारले, पण विचारता विचारताच पेटी भरत होत्या.

सोनेगावच्या अलीकडे नाला आहे. पाणी गढूळ, फुगलेलं, तळ दिसत नव्हता. बंडीची वाट सरळ पाण्यात उतरत होती आणि समोर सरळ वर निघत होती. पलीकडच्या काठावर महादेव उभा होता. बाईंनी गाडी थांबवली, खाली उतरून इंजिनावरचा पंख्याचा पट्टा काढला, म्हणजे पंखा पाणी उडवून इंजिन बंद पाडणार नाही. हे महादेवलाच करताना त्यांनी पाहिलं होतं. त्या परत चढल्या तेव्हा पलीकडून आवाज आला.

"बाई, वाटेनं नका येऊ. वाटेत खड्डा पडला हाये. वरच्या अंगानं घ्या, बाभळीपासून."

बाभळीपाशी वाट नव्हतीच. नुसतं पाणी आणि कडेला झुडपं. बाई स्टिअरिंग धरून बसल्या. एकदा वाटेकडे पाहिलं, एकदा बाभळीकडे. मी त्यांच्या शेजारी. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला सांगता यायचं नाही, पण चष्म्याखाली घाम साचला होता. ज्याला त्यांनी पेशंटांदेखत चोर ठरवलं होतं तो माणूस नसलेल्या वाटेनं या म्हणत होता.

महादेव बाभळीच्या समोर पाण्यात उतरला. गुडघे, मांड्या, कंबर. नाल्याच्या मधोमध येऊन तो आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. पाणी त्याला ढकलत होतं, तो पाय रोवून होता.

बाईंनी चाक वळवलं. गाडी झुडपं मोडत उतरली. पाणी चाकांवरून चढत पायांपाशी आलं, माझ्या चपला तरंगल्या. पहिली ठेंगणी गाडी असती तर इंजिन तिथंच बुडालं असतं. महादेव पुढे पुढे चालत होता आणि बाई त्याच्या पाठीवर नजर ठेवून त्याच्या मागे गाडी नेत होत्या. खाली दगड लागत होते, पक्के. आम्ही वर निघालो.

मूल पायाळू होतं. बाईंनी दुपारपर्यंत झुंज दिली. मुलगी झाली, उशिरानं रडली. आई वाचली. बाई बाहेर आल्या, हात धुतले. महादेव अंगणात ओल्या कपड्यांनीच बसला होता. गाडीपाशी जाऊन बाई ड्रायव्हरच्या जागी न बसता शेजारच्या जागी चढून बसल्या. मी मागे बसले. महादेव उठला नाही.

"चला," बाई म्हणाल्या.

"तुमचा माह्यावर भरोसा नाई, मंग मी कायले येऊ?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. "त्या मिस्त्रीनं खोटी खबर दिली होती. मला कळलं, तरी मी तुमच्याकडे आले नाही. ते माझं चुकलं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "भरवसा माझा माझ्यावरही नाही, महादेव. पण गाडी तुम्हीच चालवा."

आतून पोरीचं रडणं येत होतं. महादेव उठला, नाला परत ओलांडायचा म्हणून पंख्याचा पट्टा काढलेलाच आहे ना ते पाहिलं, पिळून झालेली टोपी डोक्यावर घातली आणि चढला. पुढे पाणी ओसरल्यावर बाई काठी घेऊन त्या नाल्यावर गेल्या आणि वाटेतला तो खड्डा खरोखर मोजून आल्या. मला सांगितलं नाही. महादेवनं सांगितलं, आणि सांगताना तो हसत होता.

पुढं माझं लग्न झालं आणि मी आर्वीला आले. मामेबहिणीच्या घरच्या कार्यासाठी एकदा अल्लीपूरकडे जाणं झालं. हिवाळी दुपार होती, दोन्हीकडे कापूस फुटलेला, आमची बंडी चाकोरीतून चालली होती. मागून गाडीचा आवाज आला. बंडीवाल्यानं बैल शेताच्या धुऱ्याच्या बांधावर चढवले आणि वाट दिली. जीप शेजारून गेली, इतकी उंच की बंडीत बसूनही मला मान वर करावी लागली. महादेव चालवत होता. शेजारी चांदूरकरबाई झोपल्या होत्या. गाढ. मान एका बाजूला पडलेली, तोंड किंचित उघडं, चष्मा नाकावर घसरलेला, आणि पदर वाऱ्यानं बाहेर फडफडत होता. मी हाक मारणार होते. महादेवनं मला पाहिलं, ओळखलं, आणि ओठांवर बोट ठेवलं. मग त्यानं गाडी आणखी हळू केली आणि एकेक खड्डा चुकवत तो पुढे निघून गेला.